एकसष्ट पानांचं स्टेटमेंट : जुगार आधी की आजार आधी? एक प्रकरण अभ्यास

दादांना माझ्याकडे, मानसोपचारतज्ज्ञाकडे, आणलं ते झोप लागत नाही म्हणून. पैशाचा विषय पहिल्या भेटीत निघाला, पण 'मार्केटमध्ये थोडे अडकलेत' एवढाच. घरात आणि कंपनीत सगळे त्यांना दादा म्हणतात, म्हणून इथेही दादाच. ओळख पटू नये यासाठी दोन-तीन घरांचे तपशील एकात मिसळले आहेत, नोकरी, नाती आणि रकमा थोड्या फिरवल्या आहेत. आजारांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवलाय, कारण मला जे लिहायचंय ते त्या क्रमाबद्दलच आहे.

फेब्रुवारी २०२४. वय ३६, राहायला धनकवडीत, डिप्लोमा मेकॅनिकल, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला सुपरवायझर. पगार हातात ३८ हजार. घरात आई, बायको, दुसरीतला मुलगा. बायको घरी ब्लाउज शिवते. सोबत तिचे थोरले भाऊ आले होते आणि बोलत होते तेच. "दाजींचं वजन बघा, पाच किलो उतरलंय. कंपनीत खाडे चाललेत. पोरावर ओरडतात, मग स्वतःच रडतात." ताई, म्हणजे दादांची बायको, मागच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. त्या पर्समध्ये काय होतं ते मला चार महिन्यांनी कळलं.

दोन महिन्यांपासून पहाटे तीनला जाग, भूक नाही, कशात लक्ष नाही, 'मी कुणाच्या कामाचा नाही' हे वाक्य दिवसातून दहादा. नैराश्याच्या प्रश्नावलीत २७ पैकी १९ गुण. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन ठीक. दारू? "कधीतरी, मित्रांत." यापूर्वी कधी उलटं झालंय का, म्हणजे फार उत्साह, झोपेची गरजच नाही असं? "नाही हो मॅडम, माझा स्वभावच तसा आहे."

माझी चूक इथे झाली. 'स्वभावच तसा' म्हणजे कसा, हे मी विचारलं नाही. बाहेर अकरा जण बसले होते. कर्ज झालं म्हणून माणूस खचला, हे इतकं सरळ दिसत होतं की मी नैराश्य लिहिलं, एसिटॅलोप्रॅम ही नैराश्यावरची गोळी १० मिलिग्रॅम सुरू केली आणि तीन आठवड्यांनी बोलावलं.

तीन आठवड्यांनी ते आले नाहीत, ताईंचा फोन आला. "औषध लागू पडलं मॅडम. जरा जास्तच लागू पडलंय."

नऊ दिवस

दादा रात्री दोन-तीन तास झोपत होते आणि ताजेतवाने उठत होते. पहाटे चारला त्यांनी गच्चीवरची पाण्याची टाकी धुतली. जुनी बुलेट घेतली. कंपनीत राजीनाम्याचं पत्र टाइप करून ठेवलं, कारण आता पूर्णवेळ ट्रेडिंग करायचं होतं. क्रिकेटचे सामने सुरू झालेले, त्यात ४२ हजार जिंकले, त्या रात्री सगळ्या सोसायटीला आइस्क्रीम. मग नऊ दिवसांत साडेसहा लाख गेले. सोनेतारण कर्ज, दोन लोन ॲप, मेव्हण्यांकडून 'मशीनला ॲडव्हान्स द्यायचाय' म्हणून घेतलेले दोन लाख. मी गोळी लगेच बंद करायला सांगितली, भेटायला बोलावलं. दादा आले, माझ्या टेबलावरचं कॅलेंडर सरळ केलं आणि मलाच ऑप्शन, म्हणजे शेअर बाजारातले मुदतीचे सौदे, शिकवायला लागले. "मी जुगारी नाही मॅडम. वडील आकडा लावायचे, तो जुगार. मी डेटा बघून ट्रेड घेतो."

मेच्या मध्यावर सगळं कोसळलं. महिनाअखेरीस ताईंना पलंगावर विम्याची फाइल दिसली. पॉलिसी, नॉमिनीचा कागद, आधार कार्डाची झेरॉक्स, सगळं क्रमानं लावलेलं, वर पिवळी चिठ्ठी : 'कर्ज यातून फिटेल.' त्यांनी फाइल उचलली, दादांना रिक्षात घातलं आणि न सांगता दवाखान्यात आल्या. हे त्यांनी अगदी बरोबर केलं. जुगार आणि मनःस्थितीचा आजार एकत्र असतो तिथे आत्महत्येचा धोका दोन्ही वाटांनी येतो. नैराश्य म्हणतं जगून काय करू, आणि कर्ज म्हणतं मेलास तर फायदा आहे. दुसरं वाक्य हिशेबासारखं वाटतं म्हणून जास्त घातक. मी सरळ विचारलं, "मरायचा विचार किती पुढे गेलाय?" सरळ विचारल्यानं कुणी प्रवृत्त होत नाही, उलट बऱ्याच दिवसांनी कुणीतरी विचारलं म्हणून दादा खांदे सैल सोडून बोलले. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात रुग्णाला स्वतःच्या सहीनं दाखल होता येतं, तसे ते बारा दिवस दाखल राहिले. घरी सोडताना ताईंच्या फोनमध्ये टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सेव्ह करून दिला, कारण मी रात्री अडीचला फोन उचलेनच असं नाही.

स्टेटमेंट

आमच्याकडच्या समाजकार्यकर्तीनं कर्जाची यादी करायला बँकेचं स्टेटमेंट मागितलं. नोव्हेंबर २०२२ ते एप्रिल २०२४, अठरा महिने. ताईंनी बालाजीनगरच्या झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणलं, एकसष्ट पानं. मला ते कर्जासाठी नको होतं. मला त्यातली वेळ हवी होती. यूपीआयच्या नोंदीत तारीख असते, रक्कम असते, आणि फोनमधल्या ॲपच्या इतिहासात मिनिटासकट वेळ मिळते. रुग्ण विसरतो, लपवतो, नातेवाईक रागात सांगतात. स्टेटमेंटला राग नसतो.

एका रविवारी आम्ही तिघी बसलो, ताई, समाजकार्यकर्ती आणि मी. तीन हायलायटर. ब्रोकरकडे गेलेले पैसे पिवळे, रमी आणि क्रिकेटच्या ॲपवरचे गुलाबी, वाईन शॉप हिरवं. ताईंना म्हटलं, ही तारीख बघा आणि त्या दिवसांत घरात काय चाललं होतं ते आठवेल तसं सांगा. 'गुढीपाडव्याच्या आसपास माळा साफ केला रात्री', 'तेव्हा आठ दिवस अंघोळ नव्हती', 'हा माझ्या भाचीच्या लग्नाचा आठवडा, तेव्हा ते ठीक होते'. ते मी समासात पेन्सिलीनं लिहीत गेले. दोन तासांत चहाचे कप पानांवर ठेवायला जागा उरली नाही.

तीन गोष्टी दिसल्या.

पिवळ्या-गुलाबीचे तीन दाट पट्टे होते : मार्च-एप्रिल २०२३, नोव्हेंबर २०२३, आणि हा ताजा. पट्ट्यात एका दिवशी चाळीसच्या वर नोंदी, पाच हजार, दहा हजार, पहाटे २.४०, ३.०५. पेन्सिलीच्या नोंदींत नेमक्या त्याच दिवसांना माळा, गच्ची, बुलेट. आणि पहिले दोन पट्टे माझी गोळी सुरू व्हायच्या आधीचे. म्हणजे गोळीनं आजार निर्माण केला नव्हता, झाकलेल्या आजाराला धक्का दिला होता. मला याचा दिलासा वाटायला नको होता, पण वाटला.

दुसरी गोष्ट, पट्ट्यांच्या मधल्या महिन्यांतही पान कोरं नव्हतं. सोमवार ते शुक्रवार दुपारी १.१०, ही कँटीनची सुट्टी. ३००, ५००, ७००. तेव्हा गुरुवारी निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी, म्हणजे ऑप्शनची मुदत संपायचा दिवस, असायची; त्या दिवशी रक्कम तिप्पट. पगार ७ तारखेला, १२ तारखेपर्यंत खात्यात चार आकडे. अंघोळ न करणाऱ्या आठवड्यातही रात्री दोनशेची रमी होती. अठरा महिन्यांत पिवळं आणि गुलाबी दोन्ही नसलेला सगळ्यात लांब काळ होता नऊ दिवसांचा, ऑगस्ट २०२३ मध्ये. मी उत्सुकतेनं विचारलं, तेव्हा काय झालं होतं? ताई म्हणाल्या, "फोनचा डिस्प्ले फुटला होता."

तिसरी, हिरवा रंग. रात्री ९.४० च्या सुमाराला १८० रुपये, म्हणजे एक क्वार्टर, आठवड्यात चार-पाचदा, आणि जवळजवळ फक्त तोट्याच्या दिवशी. त्यानंतर ११.१५ ला पहिली रमी. 'कधीतरी, मित्रांत' हे उत्तर मी फाइलमधून खोडलं.

मग नाव काय द्यायचं?

हा प्रश्न शब्दांचा नाही, उपचार त्यावर ठरतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात १९८० पासून अतिरेकी जुगाराला आजार म्हणून जागा आहे. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तो आवेग-नियंत्रणाच्या गटातून उचलून दारू-अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी बसवला. नऊ निकष, वर्षभरात चार लागू पडले तरी निदान. पण त्याखाली एक अट आहे जी घाईत वाचली जात नाही : हे वागणं उन्मादाच्या (फार उत्साह, झोपेची गरजच नाही अशा) झटक्यानं जास्त चांगलं समजत असेल तर जुगाराचा आजार म्हणू नका.

फक्त पट्टे असते तर मी म्हटलं असतं की जुगार हे बायपोलरचं, म्हणजे मूड कधी उन्मादाकडे तर कधी नैराश्याकडे जाणाऱ्या आजाराचं, लक्षण आहे, मूड सांभाळा, जुगार आपोआप जाईल. फक्त १.१० च्या नोंदी असत्या तर जुगाराचं व्यसन आणि त्यातून आलेलं नैराश्य. दादांकडे दोन्ही होतं. सौम्य उन्माद आणि नैराश्य यांच्या फेऱ्या असलेला बायपोलरचा दुसरा प्रकार. त्याच्यापेक्षा वेगळा, स्वतःच्या पायावर उभा राहिलेला जुगाराचा आजार, नऊपैकी सात निकष, म्हणजे मध्यम तीव्रता. आणि त्यावर दारूचं व्यसन. उन्माद मोठी रक्कम न्यायचा, सवय रोजची रक्कम न्यायची, दारू मधला पूल बांधायची.

एक शंका कुणीही घेईल. जुगारात जिंकलेला माणूस उत्साही असणारच, रात्रभर जागणारच, मग त्याला उन्माद कशाला म्हणायचं? मी दादांना विचारलं, त्या दिवसांत कंपनीच्या बसमध्ये झोपायचात का? धनकवडीहून चाकण म्हणजे दीड-दोन तास. एरवी ते कात्रज बायपासलाच घोरायला लागतात, शेजारचा त्यांना नाशिक फाट्याला उठवतो. त्या पट्ट्यांच्या दिवसांत ते बसमध्ये उभं राहून लोकांना चार्ट दाखवत होते. जागरण झालेला जुगारी दुसऱ्या दिवशी पेंगतो. उन्मादातल्या माणसाला झोपेची आठवणच येत नाही.

असे आजार एकत्र येणं हा अपवाद नाही. अमेरिकेत ४३ हजारांवर लोकांच्या पाहणीतून २००५ मध्ये निघालेले आकडे असे : जुगाराचा गंभीर आजार असलेल्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश जणांना आयुष्यात कधी ना कधी दारूचा आजार, निम्म्यांना मनःस्थितीचा, दहात चार जणांना चिंतेचा. २००८ च्या दुसऱ्या अमेरिकन पाहणीत, दोन्ही आजार असलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांत दुसरा मानसिक आजार आधी आला होता, जुगार नंतर. तिकडचे आकडे धनकवडीला जसेच्या तसे लावू नयेत हे खरं. पण माझ्या कामाला त्यांचा उपयोग असा झाला की मी दादांच्या विशीत मागे गेले.

तिथे ते सापडलं. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी, १९ व्या वर्षी, महिनाभर झोप नाही, तीन विषयांचे प्रोजेक्ट एकदम हातात घेतलेले, मग चार महिने कॉलेजलाच गेले नाहीत, वर्ष गेलं. तेव्हा त्यांच्या आयुष्यात ना रमीचं ॲप होतं ना ऑप्शन. आईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आमचा दादा त्याच्या वडिलांवर गेलाय. हे कधी महिनाभर तोंड उघडायचे नाहीत, कधी पहाटे उठून सगळ्या वाड्याला चहा." वडील मटका खेळायचे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ते कधी कधी महिनाभर गप्प बसायचे, याला कुणी आजार म्हटलं नव्हतं. पोराला वारशानं काय मिळालं, आकड्याचा नाद की मूडची फेरी, की दोन्हीची एकत्र माती?

पत्ते दादा बारा वर्षांचे असताना शिकले, गणपतीच्या मांडवात, रात्री मूर्तीपाशी जागायला बसलेल्या मोठ्या पोरांकडून. दहा दिवस, पाच-दहा रुपये, कुणाला त्यात काही वाटायचं नाही, मलाही वाटत नाही. आमच्या पेठेतल्या मंडळातही तेच चालायचं आणि त्या मांडवातली बहुतेक पोरं आज भिशी वेळेवर भरतात. दादांना पहिल्या डावाचं सगळं आठवतं. कुणाच्या हातात कुठली तीन पानं होती तेसुद्धा. १९ व्या वर्षी मूड बिघडला. २०२० च्या टाळेबंदीत फोनवर रमी आली, २०२२ मध्ये ऑप्शन. क्रम असा आहे.

जे नाही त्याबद्दल दोन ओळी. लक्ष न टिकण्याचा आजार मनात होता, पण मूड स्थिर झाल्यावर तपासलं तर लहानपणी काही मिळालं नाही. बायकोशी सलग खोटं बोललेत म्हणून व्यक्तिमत्त्वाचा आजार लिहायचा मोह कुणालाही होईल. पण दादांचं खोटं जुगाराच्या कुंपणाबाहेर कधी गेलं नाही, कंपनीत मालमोजणीत एक नट इकडचा तिकडे नाही. आणि प्रत्येक जुगारी रुग्णाला मी एक विचारतेच : इतर कुठल्या गोळ्या चालू आहेत? पार्किन्सनसाठी देतात त्या प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल अशा गोळ्यांनी आयुष्यात पत्त्याला हात न लावलेली माणसं जुगाराकडे ओढली गेलेली आहेत. दादांना तशी गोळी नव्हती.

गोळ्या

एका सहकाऱ्यानं अरिपिप्रॅझोल सुचवलं. बायपोलरला चांगलं औषध आहे, मीही देते. पण २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याबद्दल इशारा दिला होता, काही रुग्णांत अनावर जुगार, खरेदी, खाणं सुरू होतं म्हणून. दुर्मीळ असलं तरी या माणसाला ते का द्यायचं? मी लिथियमकडे, मूड स्थिर ठेवणाऱ्या जुन्या औषधाकडे, गेले. बायपोलरच्या छटा असलेल्या जुगाऱ्यांवर २००५ मध्ये ४० जणांचा एक छोटा अभ्यास झाला होता, त्यात लिथियमनं जुगाराची ओढ आणि मूड दोन्ही उतरले. चाळीस जण म्हणजे फार नाहीत. पण आत्महत्येचा विचार येऊन गेलेल्या रुग्णात लिथियमच्या बाजूनं इतरही पुरावा आहे, आणि ते मला पुरे होतं.

लिथियम म्हणजे घरच्यांनाही थोडं डॉक्टर व्हावं लागतं. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त, पातळी ०.६ ते ०.८ च्या आसपास, किडनी आणि थायरॉइडवर नजर. चाकणच्या शॉपफ्लोअरवर एप्रिलमध्ये घाम निथळतो, तिथे पाणी आणि जेवणातलं मीठ कमी झालं तर पातळी वर चढते. पाठ दुखली म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन घ्यायचं नाही. ताईंनी हे सगळं फ्रिजवर चिकटवलं, वरती मुलाच्या शाळेचं वेळापत्रक, खाली लिथियम.

दारू आणि जुगार दोन्हींसाठी नाल्ट्रेक्सोन ५० मिलिग्रॅम, लिव्हरची तपासणी करून. दारूसाठी त्याला मान्यता आहे, जुगारासाठी नाही. अमेरिकेच्या प्रशासनानंही जुगारासाठी एकाही औषधाला अजून मान्यता दिलेली नाही. हे मी दादांना सांगितलं. मेव्हण्यांचं मत होतं की सरळ येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात टाकावं. १९८६ पासूनचं त्यांचं काम मी जाणते, माझे कितीतरी रुग्ण तिथून उभे राहिले. पण त्या जूनमध्ये दादांना गटात बसून स्वतःबद्दल बोलण्याआधी झोप हवी होती.

वही

मूड सपाट झाल्यावर, ऑगस्टपासून, बोलण्याच्या उपचाराला सुरुवात झाली. दादांनी एक वही आणली. दोनशे पानी, स्केलनं आखलेली, क्वालिटीच्या माणसाचं अक्षर. स्ट्राइक, एंट्री, एक्झिट, हिरव्या शाईत नफा. मी पानं उलटत गेले. लाल शाई कुठे होती?

"तोट्याचे ट्रेड चुकीनं झालेले असतात मॅडम. ते स्ट्रॅटेजीत धरत नाही."

मी काही म्हटलं नाही. पुढच्या वेळी स्टेटमेंट आणि वही शेजारी ठेवली आणि पेन त्यांच्या हातात दिला. कंपनीत रिजेक्शन रिपोर्ट करता ना, तसा करा म्हटलं. त्यांचा अंदाज होता अठरा महिन्यांत दोन-अडीच लाख गेले. बेरीज झाली ९ लाख ८४ हजार. दादांनी ती तीनदा केली, कॅल्क्युलेटर बदलून. मग म्हणाले, "असा लॉट आला असता तर मी गाडी गेटवरूनच परत पाठवली असती."

पुढच्या महिन्यात शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीचा अहवाल आला, २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत वायदे-ऑप्शन करणाऱ्या १०० किरकोळ लोकांपैकी ९३ जण तोट्यात, सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख. मी तो मोठ्या उत्साहानं दाखवला. दादा म्हणाले, "म्हणजे सात जिंकतात."

आकड्यांनी जुगाऱ्याचं मन वळत नाही हे मला माहीत असायला हवं होतं. वळतं ते स्वतःच्या बेरजेनं, आणि तेही काही तासांपुरतं. उरलेल्या वेळेसाठी आम्ही १.१० वाजता काय करायचं एवढंच ठरवलं. फोन लॉकरमध्ये, डबा बाहेर कट्ट्यावर, त्या बसमधल्या शेजाऱ्याबरोबर. शेजाऱ्याला फक्त 'फोन कमी करायचाय' इतकंच सांगितलं होतं. ट्रेडिंग खातं स्वतःहून गोठवण्याची सोय जुलै २०२४ पासून ब्रोकरना द्यावी लागते, ती वापरली. पगाराचं खातं ताईंकडे, दादांच्या फोनमध्ये रोजचे दीडशे रुपये. छत्तीस वर्षांच्या माणसाला हे अपमानास्पद वाटतं. वाटू दे, असं म्हणून चालत नाही. दर भेटीत त्यावर दहा मिनिटं जायची.

चौदा लाख पंच्याऐंशी हजार

पर्सनल लोन ५ लाख २० हजार, सोनेतारण २ लाख ६० हजार, पतसंस्था २ लाख ४० हजार, मेव्हणे २ लाख, लवकर उचललेल्या भिशीचे दीड लाख, तीन लोन ॲपचे मिळून १ लाख १५ हजार. ताईंच्या पर्समध्ये पहिल्या दिवशी होती ती सोनेतारणाची पावती, आधीच्या एका छोट्या कर्जाची. मंगळसूत्र त्यात होतं. गळ्यात होतं ते एक ग्रॅमवालं. भावाला कळू नये म्हणून त्या पर्स दाबून बसल्या होत्या.

मेव्हण्यांनी एके दिवशी निर्वाणीचं सांगितलं, "सासवडचे दोन गुंठे काढतो, एकरकमी भरून टाकतो, विषय संपला." चांगला माणूस, बहिणीसाठी जमीन विकायला निघालेला. मी नको म्हटलं. कर्ज एका दिवसात शून्य झालं की क्रेडिट कार्डाचे मेसेज सुरू होतात, आणि मेंदू शिकतो की कितीही घालवलं तरी शेवटी कुणीतरी येतं. ते रागावले. "तुम्हाला काय जातंय, व्याज आम्ही भरतोय." मुद्दा चुकीचा नव्हता. शेवटी मधला मार्ग निघाला : लोन ॲपचे तेवढे एकदम फेडले, कारण ते लोक ऑफिसात फोन करत होते, सोनं दोन वर्षांत सोडवायचं, बाकी हप्ते दादांच्या पगारातून. बुलेट विकली.

ताईंची झोप कुणी विचारली नव्हती. मी विचारली सप्टेंबरमध्ये, जरा उशिराच. त्या रात्री तीनदा उठून दादांचा फोन तपासत, छातीत धडधड, शिवताना सुई बोटात जाई. त्यांची वेगळी फाइल केली, वेगळी वेळ दिली, आणि फोन तपासायचा तो रविवारी संध्याकाळी दोघांनी मिळून, एवढं ठरवलं. पहिल्या भेटीत त्या चाळीस मिनिटं दादांबद्दलच बोलल्या.

नंतर

ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं केला. रमीच्या ॲपनं पैसे लावायचे खेळ बंद केले. ताईंनी मला मेसेज केला, त्यात तीन नमस्कार आणि गणपती. दादांना विचारलं तर म्हणाले, "बरं वाटलं, आणि कुणीतरी गाव सोडून गेल्यासारखंही." या रिकामेपणाकडे मी जास्त लक्ष देते. खेळ थांबतो तेव्हा नैराश्य उघडं पडतं, धोका तेव्हा कमी होत नाही. आणि ऑप्शन तर कायदेशीरच आहेत.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री सोसायटीत तीन पत्तीचा डाव बसला. 'आज खेळायचंच असतं' म्हणून दादा बसले. अकराशे गेले. घरी येऊन बूट काढायच्या आधी ताईंना सांगितलं. पूर्वी ते हेच काही महिने लपवून ठेवायचे, म्हणून मी याला घसरण म्हणून लिहिलं आणि शेजारी वेळ लिहिली : रात्री १२.२०, सांगितलं १२.४५.

मूडचा पट्टा दीड वर्षात आलेला नाही. एक हलकी चढण मार्चमध्ये आली होती, झोप चार तासांवर, ताईंनी फ्रिजवरचा कागद बघून तिसऱ्याच दिवशी फोन केला, तेवढ्यावर आटोपलं. दारू दोनदा झाली, दोन्ही लग्नांत.

सध्याचा प्रश्न वेगळा आहे. गेल्या तपासणीत लिथियम ०.७, पण थायरॉइडचा टीएसएच वाढून ६.८ आलाय, म्हणजे थायरॉइड मंदावतंय. दादा म्हणतात अंग जड वाटतं, बसमध्ये चढतानाच झोप येते, काही करावंसं वाटत नाही. हे थायरॉइडचं आहे, उतरत्या मूडचं आहे, की आयुष्यात पहिल्यांदा चढण नसल्याचं आहे, ते मला अजून ठरवता येत नाहीये. "गोळी बंद केली तर पहिल्यासारखं होईल का?" त्यांनी विचारलं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पहिल्यासारखं म्हणजे कुठल्या महिन्यासारखं? दादा हसले, उत्तर दिलं नाही. थायरॉइडची गोळी २५ मायक्रोग्रॅम सुरू केली आहे, सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त.